मेलेल्यांचा भाव काय चाललाय?

*वाचनाच्या अडचणींवर सल्ला*

पत्र

सप्रेम नमस्कार. मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो. आमच्या भागात वाचनकट्टा आहे. दर महिन्याला एकाने एका पुस्तकावर वीस मिनिटं बोलायचं असतं. पुढच्या महिन्यात माझी पाळी, आणि वाट्याला आली निकोलाय गोगोलची ‘डेड सोल्स’. इंग्रजीतून वाचतोय. सहावं प्रकरण संपलं आणि गाडी अडली. चिचिकोव नावाचा माणूस एकामागून एक पाच जमीनदारांकडे जातो आणि मेलेले भूदास, म्हणजे जमीनदाराच्या मालकीचे शेतकरी, विकत मागतो. तोच प्रसंग पाच वेळा! सगळे म्हणतात विनोदी आहे, मला हसू आलं नाही. नायक कोण ते कळत नाही. कर्ज विभागात हयात घालवूनही घोटाळा नेमका काय ते उमगलं नाही, याची लाज वाटते ती वेगळीच. मुलगा म्हणतो, “बाबा, मेलेल्यांची नावंच तर घेतली, कोणाचं काय गेलं?” मला उत्तर देता आलं नाही. कट्ट्यावर एक निवृत्त प्राध्यापिका येतात, त्या हमखास प्रश्न विचारतात. पुस्तक बदलून घेऊ का? आणि दुसरा भागही वाचावा लागेल का?

— अडकलेला वाचक, नाशिक

उत्तर

नमस्कार,

पुस्तक बदलून घेऊ नका. या कादंबरीवर बोलायला साहित्यवाल्यांपेक्षा तारणाची कागदपत्रं तपासलेला माणूस बरा, असं माझं मत आहे. तुम्ही पुढे काय होतं याची वाट बघत वाचताय, आणि पहिल्या सहा प्रकरणांत पुढे फारसं काही होतच नाही. तिथे वाचायचा तो भाव. कोण किती मागतो, किती वर सोडतो आणि मागताना काय बोलतो, एवढंच बघा.

पण आधी घोटाळा, कारण तो समजल्याशिवाय बाकीचं हवेत राहतं. रशियात झार पहिल्या पीटरने डोईपट्टी बसवली आणि १७२४ पासून ती वसूल होऊ लागली. पट्टी फक्त पुरुषांवर, आणि भूदासांची पट्टी सरकारात भरण्याची जबाबदारी त्यांच्या मालकाची. डोकी किती हे ठरवायला खानेसुमारी होत असे. पण ती कधी, तर मनात येईल तेव्हा. पीटरच्या काळापासून १८५८ पर्यंत अशा दहाच झाल्या. म्हणजे एका खानेसुमारीनंतर जो मेला तो पुढच्या खानेसुमारीपर्यंत सरकारदरबारी जिवंत. मालक त्याची पट्टी भरत राहणार. सरकारी यादीत मोजणीच्या या डोक्याला ‘आत्मा’ म्हणत, म्हणून पुस्तकाचं नाव तसं.

आता तुमचं खातं. मॉस्को आणि पीटर्सबर्गच्या अनाथालयांचा कारभार बघायला एक सरकारी पालक मंडळ होतं, आणि त्याच्या खजिन्यातून जमीनदारांना कर्ज मिळत असे. तारण म्हणून भूदास. मूल्यांकन एकरांवर नव्हे, डोक्यांवर. चिचिकोव डोक्यामागे २०० रूबल धरून चालतो. नवी खानेसुमारी व्हायच्या आत हजार मेलेले गोळा केले की दोन लाखांचं भांडवल, असा त्याचा हिशेब. नुकतीच साथ येऊन गेली आहे, माणसं देवाच्या कृपेने बरीच मेली आहेत, असं तो मनाशी म्हणतो. हे वाक्य अकराव्या प्रकरणात आहे. ते कट्ट्यावर जसंच्या तसं वाचून दाखवा.

जमिनीशिवाय शेतकरी कसे घेतले, असं कोणी विचारलं तर त्याचंही उत्तर तयार. खेरसोन आणि तावरिदा या दक्षिणेकडच्या प्रांतांत वस्ती करणाऱ्याला सरकार फुकट जमीन देत होतं. मी यांना तिकडे वसवायला नेतोय, म्हणायचं. खरेदीखत झालं, नोंदणीचं शुल्क भरलं, साक्षीदार आले. फाईलमध्ये एक कागद कमी नाही.

आणि हेही लक्षात घ्या, की ही युक्ती चिचिकोवच्या सुपीक डोक्यातून निघालेली नाही. तो मुखत्यार म्हणून एका बुडालेल्या जमीनदाराचे शेतकरी गहाण ठेवायला गेला होता. निम्मे मरून गेलेत, पुढे भानगड नको, म्हणून त्याने आपण होऊन सांगितलं. तर कचेरीतला कारकून विचारतो, यादीवर आहेत ना? आहेत. मग घाबरता कशाला? एक मरतो, दुसरा जन्मतो, कामाला सगळेच येतात! (मूळ रशियनमध्ये हे यमक जुळवून म्हटलंय, म्हणजे कारकुनाच्या तोंडात ते बसलेलंच असणार.) खिडकीच्या आतल्या माणसाने वाट दाखवली, बाहेरच्याने ती धरली. तुम्ही हयात बँकेत काढलीत, मी जास्त बोलत नाही.

सातव्या प्रकरणाच्या सुरुवातीला चिचिकोव सकाळी उठतो तेव्हा त्याच्या पदरी जवळजवळ ४०० आत्मे आहेत. २०० ने गुणा. ८०,००० रूबल, आणि खर्च? सोबाकेविच या जमीनदाराला डोक्यामागे अडीच रूबल, बाकीच्यांना त्याहून कमी. इतक्या स्वस्तात उभं केलेलं तारण तुम्हीही कधी पाहिलं नसेल.

मुलाचा प्रश्न चांगला आहे, त्याला झिडकारू नका. पहिलं उत्तर तुमच्या खात्यातलंच. हे कर्ज बुडणार हे नक्की, कारण तारण दफनभूमीत आहे, आणि बुडेल ते अनाथ मुलांना पोसणाऱ्या संस्थेचं. गोगोल हे ओरडून सांगत नाही, पण त्याच्या काळच्या वाचकाला पालक मंडळ म्हणजे काय ते ठाऊक होतं. दुसऱ्या भागात पकडला गेल्यावर चिचिकोव रडत तुमच्या मुलासारखंच म्हणतो, की मी कोणाला दुःखी केलं, मी काय दरोडेखोर आहे?

दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याच गावात, त्याच कचेरीत, जिवंत माणूस विकत घेणं पूर्ण कायदेशीर होतं. चिचिकोवने जिवंत माणसं घेतली असं समजूनच शहर त्याला डोक्यावर घेतं. त्याच्यासाठी मेजवानी होते, तो लक्षाधीश आहे अशी कुजबुज होते, लोक काळजीने चर्चा करतात की एवढे शेतकरी खेरसोनला न्यायचे तर वाटेत पळणार नाहीत ना, सोबत पहारा द्यावा का. मेलेले घेणं हा गुन्हा आणि जिवंत घेणं हा शिष्टाचार, यातला वाईट व्यवहार कोणता? भूदासपद्धत १८६१ मध्ये रद्द झाली, तोवर जमीनदारांचे सुमारे दोन तृतीयांश भूदास असेच गहाण पडलेले होते.

मॉस्कोच्या सेन्सॉरला हे बरोबर टोचलं. गोगोलने १८४१ च्या अखेरीस हस्तलिखित तिथे दिलं. पुढची हकिगत त्याच्याच पत्रात आहे. समितीचे अध्यक्ष नाव ऐकूनच कडाडले, आत्मा अमर असतो, मृत आत्मा कसा असेल! खानेसुमारीतले आत्मे हो, असं समजावल्यावर ते म्हणाले, मग तर मुळीच नको, हे भूदासपद्धतीविरुद्ध झालं. एका सभासदाची हरकत अडीच रूबल या किमतीला होती. हे परदेशात कळलं तर परदेशी लोक आपल्याकडे फिरकायचे नाहीत, असं त्याचं म्हणणं. माणूस विकला जातो याला हरकत नाही, भाव पडला याला आहे. शेवटी पीटर्सबर्गच्या सेन्सॉरने १८४२ मध्ये परवानगी दिली, ती नावापुढे ‘चिचिकोवची भ्रमंती’ असं जोडायला लावून. गोगोलने मुखपृष्ठ स्वतः काढलं आणि त्यावर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत ‘काव्य’ असा शब्द टाकला. प्राध्यापिकाबाई याबद्दल विचारतील, तयारीत राहा.

आता ते पाच सौदे. तुम्हाला ते एकसारखे वाटले, कारण मागणी एकच आहे. मागणी झाल्यावर समोरचा काय करतो ते पुन्हा बघा. मनिलोव फुकट देतो. हा गोडबोल्या, याच्या टेबलावरच्या पुस्तकात दोन वर्षं चौदाव्या पानावर खूण आहे. त्याला एकच शंका येते, की हा व्यवहार रशियाच्या पुढच्या धोरणाशी विसंगत तर नाही? चिचिकोव सांगतो, उलट सरकारला शुल्क मिळेल, आणि कायदा म्हटला की मी मुका होतो. मनिलोवचं समाधान! हे संभाषण मला सबंध पुस्तकातलं सगळ्यांत निर्लज्ज वाटतं, कारण दोघंही इतके नम्र आहेत.

कोरोबोच्का ही म्हातारी विधवा. तिच्याकडे अठरा मेलेले, चिचिकोव देतो एकरकमी पंधरा रूबल. मेलेली माणसं विकायची कशी, हा प्रश्न तिला फार पडत नाही. आपण फसू का, हा पडतो. दुसरा गिऱ्हाईक जास्त देईल का, थांबून बघू का. मध घ्या, अंबाडी घ्या, हे काय मागता? किंवा मग घरातच कधी उपयोगी पडतील! रात्री बागेत चिमण्या हुसकायला का, असं चिचिकोव चिडून विचारतो. ती शेवटी विकते, पण तीन रात्री झोपत नाही आणि मग गाडी जुंपून थेट शहरात येते, मेलेल्यांचा भाव सध्या काय चाललाय ते विचारायला. चिचिकोवचं बिंग फोडायला जे दोघं कारणीभूत होतात त्यांतली ही एक, आणि तिला बिंग वगैरे काही फोडायचं नव्हतं. दुसरा नोझद्र्योव. तो घोडा घे, कुत्री घे, पत्त्यांत लाव म्हणतो, विकत नाही आणि शेवटी मारायला उठतो. त्याच्यावर वेळ घालवू नका.

सोबाकेविचचा सौदा मात्र कट्ट्यावर दोघांनी मिळून वाचा. तुम्ही सोबाकेविच व्हा. तो मागतो डोक्यामागे १०० रूबल. चिचिकोव देऊ करतो ८० कोपेक (शंभर कोपेकचा एक रूबल). मग सोबाकेविच मालाचं वर्णन सुरू करतो. मिखेयेव गाड्या बनवायचा, काय त्या गाड्या! स्तेपान प्रोब्का सुतार, काय त्याची ताकद! मोची, गवंडी, एकेकाची कला. अहो पण ते मेलेत, असं चिचिकोव म्हणतो. हो, मेलेत खरे, पण आज जिवंत आहेत ते तरी काय, माशा आहेत, माणसं नव्हेत. अडीच रूबलला तुटतं. आणि एवढं करून हा यादीत एक बाई घुसवतो, पुरुषाचं वाटेल असं नाव लिहून, जेव्हा बायकांना यादीत किंमतच नाही. मुरलेल्या चोराला चुना लावणारा हा एकटाच.

प्ल्यूश्किन शेवटी येतो आणि तिथे हसू थांबतं. हजारावर भूदासांचा हा मालक चिंध्यांत फिरतो, रस्त्यावरचा खिळा आणि फुटकी खापरी उचलून आणतो. कोठारात धान्य कुजतंय, पिठाचा दगड झालाय. मेलेल्यांची पट्टी चिचिकोव भरणार म्हटल्यावर त्याला देव भेटल्यासारखं होतं. पळून गेलेल्यांवर तो घासाघीस करतो, आणखी दोन कोपेक चढवा म्हणतो. अठ्ठ्याहत्तर जण, बत्तीस कोपेकने, २४ रूबल ९६ कोपेक. चिचिकोव हा हिशेब क्षणात तोंडी करतो. सहाव्या प्रकरणात मध्येच एक-दोन पानं अशी आहेत की हा माणूस पूर्वी कसा होता ते कळतं. बायको होती, मुलं होती, शेजारी जेवायला यायचे आणि काटकसर कशी करावी हे शिकून जायचे. बायको गेली, मुलगी पळून गेली, एकेक खिडकी बंद होत गेली. ती पानं तुम्ही घाईत ओलांडलीत असा मला संशय आहे. परत वाचा.

तर पाच जण, आणि एकही असं म्हणत नाही की मेलेल्या माणसाचा सौदा मी करणार नाही. कोणी धोरण विचारतो, कोणी भाव, कोणी पत्ते काढतो. गोगोलने लोभ चिचिकोवच्या एकट्याच्या खिशात ठेवलेला नाही, हा माझ्या मते तुमच्या भाषणाचा कणा असावा.

हसू आलं नाही याची चिंता करू नका. तुम्ही चांगल्या संगतीत आहात. या कादंबरीची कल्पना कवी पुश्किनने दिली असं गोगोल सांगतो. सुरुवातीची प्रकरणं त्याने पुश्किनला वाचून दाखवली. गोगोल वाचू लागला की पुश्किन नेहमी हसायचा, पण या वेळी हळूहळू गंभीर होत गेला आणि शेवटी म्हणाला, देवा, किती उदास आहे आपला रशिया! पुलंचं ‘अंमलदार’ तुम्ही पाहिलं असेल, ते याच गोगोलच्या नाटकावरून केलेलं. तिथे हशा लगेच फुटतो, कारण घाबरलेले अधिकारी समोर धावत असतात. इथे हसू उशिरा येतं आणि बऱ्याचदा येतच नाही.

नायकाबद्दल गोगोलनेच उत्तर देऊन ठेवलंय. अकराव्या प्रकरणात तो म्हणतो, सद्गुणी माणसाला सगळ्या लेखकांनी घोड्यासारखं दामटून त्याची हाडं उरवली आहेत, आता एका बदमाशाला गाडीला जुंपायची वेळ झाली. बालपणही तिथेच सांगितलंय. बाप शाळेत सोडताना अर्धा रूबल देतो आणि सांगतो, मित्र दगा देईल, कोपेक देणार नाही. पोरगा तो अर्धा रूबल मोडत तर नाहीच, वाढवतो. भुकेल्या वर्गमित्रांना खाऊ विकतो, दोन महिने खपून एका उंदराला मागच्या पायांवर उभं राहायला शिकवतो आणि विकतो. मात्र त्याला प्ल्यूश्किनच्या पंक्तीला बसवू नका. प्ल्यूश्किनला वस्तू हवी असते, ती कुजली तरी चालते. चिचिकोवला तलम सदरा हवा, फ्रेंच साबण हवा, घर, बायको, पोरं हवीत. त्याची स्वप्नं तुमच्या-माझ्यासारखी सरळ संसारी आहेत, आणि तोच त्याच्याबद्दलचा अवघड भाग आहे.

आता तुम्ही जिथे थांबलात त्याच्या लगेच पुढे, सातव्या प्रकरणात, माझ्या मते पुस्तकाचं काळीज आहे. चिचिकोव खोलीत एकटा बसून खरेदीखतांसाठी याद्या उतरवतोय. नावं लिहिता लिहिता थबकतो. बाबांनो, किती जण आहात तुम्ही, आयुष्यभर काय केलंत? आणि तो कल्पना करू लागतो. स्तेपान प्रोब्का सुतार चर्चवर चढला असेल आणि तिथून पडला असेल. मोची तेल्यात्निकोव जर्मनाकडे काम शिकला, स्वतःचं दुकान टाकलं, कुजकं कातडं स्वस्तात आणलं आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन दारूला लागला असेल. पळालेला आबाकुम फिरोव आता कुठे असेल, व्होल्गाकाठी नावा ओढणाऱ्या हमालांत गाणी म्हणत असेल का? मध्येच त्या घुसवलेल्या बाईचं नाव लागतं, तो सोबाकेविचला शिवी देऊन ते खोडतो. ज्यांनी ही माणसं आयुष्यभर राबवली त्यांना ती आठवली तर भाव वाढवण्यापुरती. त्यांच्यासाठी क्षणभर हळहळतो तो त्यांची नावं चोरणारा. मग घड्याळाकडे लक्ष जातं, बारा वाजलेत, तो चरफडतो आणि कचेरीकडे पळतो. तुमच्या बँकेत थकबाकीदारांच्या याद्या करताना असं कधी झालं होतं का, हे कट्ट्यावर सांगता आलं तर सांगा. नसेल सांगायचं तर नको.

पुढची प्रकरणं पटापट वाचून होतील. अफवा उठतात, चिचिकोव खोट्या नोटा छापतो, गव्हर्नरच्या मुलीला पळवणार आहे, नेपोलियनच आहे. पोस्टमास्तर छातीठोक सांगतो की हा कॅप्टन कोपेयकिन, आणि लांबलचक गोष्ट सुरू करतो. १८१२ च्या युद्धात हात आणि पाय गमावलेला सैनिक निवृत्तिवेतनासाठी पीटर्सबर्गला खेटे घालतो आणि हाकलला जातो. गोष्ट रंगात आल्यावर कोणीतरी म्हणतं, अहो पण चिचिकोवचे हातपाय शाबूत आहेत! ही गोष्ट गाळू नका, सेन्सॉरने पीटर्सबर्गमध्ये हीच बदलून लिहायला लावली होती. या सगळ्या धास्तीत शहराचा सरकारी वकील घरी जाऊन मरतो. त्याच्यात आत्मा होता हे लोकांना तेव्हा कळतं, असं गोगोल लिहून मोकळा होतो.

दुसरा भाग भाषणासाठी लागत नाही. गोगोलने फेब्रुवारी १८५२ मध्ये एका रात्री त्याचं हस्तलिखित जाळलं आणि काही दिवसांत तो गेला, वय ४२. जुन्या खर्ड्यांतली जी प्रकरणं उरली ती १८५५ मध्ये छापली गेली. त्यात त्याला सज्जन माणसं उभी करायची होती. एक आदर्श जमीनदार आहे आणि मुराझोव नावाचा, सरकारी मक्त्यांवर करोडपती झालेला साधुपुरुष आहे. दोघंही लाकडी. फक्त पहिलं प्रकरण वाचा, तेंतेत्निकोव नावाच्या, वर्षानुवर्षं एक ग्रंथ लिहिण्याचं मनात घोळवत अंथरुणात लोळणाऱ्या तरुणासाठी. मग मिटा.

वीस मिनिटांतली पाच घोटाळ्याच्या हिशेबाला द्या, फळा मिळाला तर आकडे लिहा. सोबाकेविचच्या सौद्याला सात-आठ लागतील. उरलेली सातव्या प्रकरणाला. कथानक सांगत बसू नका, ज्यांना हवं ते पुस्तक नेतील. रशियन नावं मात्र आदल्या दिवशी मोठ्याने वाचून बघा, नोझद्र्योववर जीभ हमखास अडते.